आबांचा तास

घड्याळातला लहान काटा माथ्यावर आला, तशी रविराजने मोबाईलच्या स्टॉपवॉचवर बोट दाबलं.

"झालं सुरू," तो म्हणाला. "आता ह्यो काटा एक फेरा मारून परत वर यीस्तवर कुणी उठायचं न्हाय. मंग कळंल, आपल्या घराण्यात तास किती मिनटांचा हाय."

"तास तासाएवढाच आसतोय," त्याचे वडील बापूसाहेब म्हणाले. "तुझा मोबाईल आला म्हणून त्यो काय आटतोय?"

"तेच बघायचं हाय, तात्या."

विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीपुढं, करंजाच्या सावलीत सगळे बसले होते. मधोमध टोमॅटोचं प्लास्टिकचं क्रेट उपडं घातलं होतं आणि त्यावर घड्याळ आणि मोबाईल, मांडवात नवरानवरी बसवावीत तसे शेजारी शेजारी ठेवले होते. खोलीत मोटार चालू होती. पाळी रविराजची होती, पाणी त्याच्या शेडनेटमधल्या ढोबळी मिरचीला चाललं होतं. वैशाख लागला होता आणि कऱ्हाटीच्या शिवारात ज्याच्या विहिरीला पाणी होतं तोच मालक, बाकीचे नुसते सातबाऱ्यावर.

या घड्याळाचं एक सांगायला हवं. ते वेळही दाखवायचं, पण ती वेळ कधी कुणी पाहिली नाही. मोठे दोन काटे आपले कुठंतरी फिरत असत, त्यांना कुणी विचारत नसे. घरात त्याचा उपयोग एकच, पाणी मोजायचा. बाजूला दोन बटणं होती. वरचं दाबलं की एक बारीक लांब काटा पळायला लागायचा आणि त्याच्यामागून छोट्या चकतीतला लहान काटा मुंगीच्या पावलानं सरकायचा. पुन्हा दाबलं की दोघे जागच्या जागी उभे. आणखी एकदा दाबलं की थांबले होते तिथूनच पुढं. मधे तास जावो की रात्र जावो, ते आपली जागा विसरत नसत. खालचं बटण दाबलं तरच काटे मुळावर जायचे, आणि ते दाबायची मुभा पाळी बदलताना, दोन्ही घरची माणसं समोर असतील तेव्हाच.

आबांनी, म्हणजे बापूसाहेबांचे वडील रावजी यांनी, हे घड्याळ सुप्याच्या एका मिलिटरीतून आलेल्या शिपायाकडून घेतलं होतं, एका झुंजीच्या एडक्याच्या बदल्यात. मेंढरं मोडून नुकती विहीर पाडली होती. लाईट लहरी. मोटार चालू असेल तेवढाच वेळ पाळीत धरायचा, हा आबांचा नियम. लाईट गेली की बटण दाबायचं, आली की दाबायचं. लहान काट्याचा एक फेरा म्हणजे एक तास, तास झाला की खोलीच्या भिंतीतल्या देवळीत एक खडा. कळपातली मेंढरं मोजायला खडे, तसे पाणी मोजायलाही खडे. चार खडे थोरल्याचे, चार धाकट्याचे. त्यानंतर लाईट उरली तर पाणी हौदात आणि हौदाखालच्या गवताच्या पट्टीत. त्याला घरात 'आक्काचं पाणी' म्हणत.

आक्का म्हणजे आक्काबाई, बापूसाहेबांची थोरली बहीण. ती आज सुप्याहून सकाळच्या गाडीनं आली होती आणि पाय पसरून, पदर डोक्यावर ओढून, घड्याळाकडं अशी बघत होती की जणू ते एखादं आजारी कोकरू आहे.

---

रविराज वाईट माणूस नव्हता. भाऊबंदकीच्या गोष्टींत एक कुणीतरी वाईट असला की ऐकणाऱ्याचं काम सोपं होतं, पण इथं तसं काही नाही. त्याला नुसतं बसण्याचा कंटाळा आला होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो या खोलीपाशी बसत आला होता. लाईट गेली, दाब. आली, दाब. फेरा झाला, खडा ठेव. भिगवणला मित्रांची मासे खायची पार्टी असो की चुलत मेव्हण्याचं लग्न असो, कुणीतरी एक माणूस घड्याळापाशी पाहिजेच.

म्हणून त्याने मोबाईल स्टार्टर आणला होता. कुठूनही फोन लावा, मोटार चालू. वेळ लावून ठेवा, मोटार बंद, व्हॉल्व्ह आपोआप बदलणार. पण त्या यंत्राला कळायचं घड्याळ, चालू मोटार नव्हे. सकाळी आठ ते बारा रविराज, बारा ते चार विशाल. मधे लाईट गेली तर ज्याच्या पाळीत गेली त्याचं नशीब.

बापूसाहेब या गोष्टीला तयार नव्हते. मग गेल्या महिन्यात घड्याळाची काच पार तडकली. ती पिवळी पडून इतकी भेगाळली होती की काट्यांशिवाय आत काही दिसत नव्हतं. रविराज ते इंदापूरला घेऊन गेला. तिथल्या दुकानदाराने नवी काच बसवली, लहान चकतीकडं पाहिलं आणि हसून विचारलं, "तुमच्यात कोण फुटबॉलचं पंच होतं का?"

चकती तासाची नव्हतीच. पंचेचाळीस मिनिटांची होती. फुटबॉलचा अर्धा डाव मोजायला केलेली.

परत येताना मोटरसायकलवर रविराज एकटाच मोठ्यांदा हसला होता. त्याला वाटलं, सुटलो.

---

"ह्यो बघा, पंधरा. हितं तीस. आन् वरती पंचेचाळीस," रविराजने काचेवर नख टेकवलं. "उगाच म्हणायचं चार तासांची पाळी. मिळत्यात तीन. आबांनी आपल्याला तासामागं पंधरा मिनटं कमी दिली. तुमाला बी दिली, विशालच्या वडलांना बी दिली. जल्मभर!"

बापूसाहेबांनी चष्मा लावून वाकून पाहिलं. आकडे होते. मुंगीच्या डोळ्याएवढे, पण होते.  आबांनी एखादी गोष्ट चुकीची केली असेल हे मानायला त्यांना सत्तर वर्षं पुरली नव्हती, आणि आता पोरगा ते एका चहाच्या वेळात मानायला सांगत होता.

"त्या इंदापूरवाल्यानंच चकती बदलली आसंल," ते म्हणाले.

"तात्या, लेकराबाळांगत बोलू नगा."

"मग सरळ हिशेब हाय," विशाल उत्साहाने पुढं सरकला. विशाल म्हणजे बापूसाहेबांच्या धाकट्या भावाचा, कैलासवासी मोहनरावांचा मुलगा. बारामतीच्या एमआयडीसीत शिफ्टवर जायचा आणि भांडणाच्या दिवशी नेमकी त्याची शिफ्ट असायची. आज त्याला त्याच्या बायकोने, वैष्णवीने, रजा काढायला लावली होती. "आठ तास लाईट हाय. खरं तास धरलं तर चार दादाचं, चार आपलं. दोघांचं बी वाढतंय की! कुणाचं काय गेलं?"

आक्काबाईने नुसती मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.  कुणाचं गेलं ते त्याला तेवढ्यात कळलं.

मोना, रविराजची बायको, चहा घेऊन आली. तिने सगळ्यांना कप दिले आणि घड्याळाकडं बघून विचारलं, "कुटवर आलाय?"

"पंधराच्या पुढं."

"लगीन लावायला बसल्यागत बसलाय की समदी," ती म्हणाली आणि तिथंच टेकली.

---

वैष्णवी उठून व्हॉल्व्हपाशी गेली. विशाल तिच्यामागून गेला. तिथून तिचा मांडव दिसत होता. कारल्याचा मांडव. तारा ओढण्यापासून वेल चढवण्यापर्यंत तिने तो दोन मजूर बायका घेऊन उभा केला होता, आणि आता पिवळी फुलं लागून बोटाएवढी कारली लोंबायला लागली होती. या उन्हात सलग दोन दिवस पाणी चुकलं की फूल गळतं. मग मांडव नुसता वाळत घातलेल्या जाळ्यासारखा.

"गप बस थोडी," विशाल हळू आवाजात म्हणाला. "दादा काय वाईट बोलतोय का? चार तास पुरं मिळतील."

"बारानंतरचं चार. बारानंतर लाईट टिकती का? समद्या शिवारातल्या मोटारी चालू झाल्या की ट्रान्सफॉर्मरची डीपी बसतिया. गेल्या आठवड्यात किती वेळा गेली? काटा हुता म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी भरून मिळालं."

"मिळंल त्यात भागवू."

"आन् न्हाय भागलं तर?"

विशालने पायानं ढेकूळ फोडलं. "तर दादा म्हणालाच हाय. रान त्यो करील, पिकाचा वाटा दिल. आपुन बारामतीला खोली घिऊ. शिफ्टला जवळ पडतंय."

वैष्णवीच्या हे इकडून तिकडून कानावर आलं होतं. पण ऐकलं तसा संताप तिच्या कानशिलापर्यंत चढला. दीर नवऱ्याला असं काही बोलला आणि नवऱ्याने ते पोटात ठेवलं, यातलं कुठलं जास्त लागलं ते तिला ठरवता येईना.

"म्हंजी पाणी जाणार ह्ये तुमास्नी ठावं हाय," ती म्हणाली. "तुमी सामान बांधून बसलाय."

"तसं न्हवं गं—"

"तसंच हाय. तुमी जावा खोली घ्यायला. मी हितंच ऱ्हाणार. मी उजनीच्या काठाची हाय, माज्या बापाची गावठाणासकट जमीन धरणाच्या पाण्याखाली गेलेली मी ऐकत वाढले. पाण्यानं रान गेलं ते सोसलं त्यांनी. मी पाण्यावाचून घालवणार न्हाय."

ती परत सावलीत आली आणि यावेळी बाजूला न बसता थेट क्रेटसमोर बसली.

---

"तात्या, मी बोलू का?"

"बोल की."

"कानामागनं आली आन्—" रविराज पुटपुटला.

"तिखट झाली, व्हय दादा," वैष्णवी म्हणाली. "तुमच्या ढोबळीपरीस तिखटच बरी."

मोना फसकन हसली आणि नवऱ्याने बघितल्यावर कप गोळा करायला लागली.

"मला एवढंच म्हणायचं हाय. घड्याळ पंधरा मिनटं कमी दावतंय, ह्ये मी मानते. दादा खोटं बोलत न्हाईत. पण आबांचा तास खोटा आसला तरी दोघांना सारखाच खोटा हुता. तुमचा तास खरा हाय दादा, पर त्यो तुमाला येगळा आन् मला येगळा."

"घड्याळ बारा म्हणजी समद्यांना बाराच."

"लाईट समद्यांना न्हाय ना बारा! बरं, तुमचंच ऱ्हाऊ द्या. घड्याळाच्या टायमानं पाळी. मंग एक आठवडा सकाळ तुमी घ्या, एक आठवडा मी घिते. कबूल?"

रविराज अडखळला. हे त्याने योजलं नव्हतं. "थोरल्याची पाळी आधी. ती रीत हाय."

"कुणाची रीत?"

"आबांची."

"आता ग माजे बाई!" आक्काबाईने पहिल्यांदा तोंड उघडलं. "आबाचं घड्याळ खोटं आन् आबाची रीत खरी व्हय रं?"

बापूसाहेबांनी मिशीत हसू दाबलं, पण ते फार टिकलं नाही. त्यांना कळत होतं की हे सगळं आता आपल्यावर येऊन थांबणार. रविराज त्यांचा एकुलता. उद्या खाटेवर पडलो तर पाण्याचा तांब्या तोच देणार. आणि पुतण्याची बायको बोलत होती ते खरं होतं. माणसाने म्हातारपणी असल्या पेचात सापडू नये, पण सापडतो.

"आत्या, तू उगी बोलू नको," रविराज म्हणाला. लहानपणी आई आजारी असताना आक्काबाईनेच त्याला सांभाळलं होतं, आणि ती आपल्याच बाजूनं बोलणार हे त्याने धरूनच ठेवलं होतं. "तुज्या हौदाचं मी बघतो. टाकी बसवून दितो हौदापाशी."

"टाकी भरायला पाणी कुठलं? दोघांचं मिळून आठ तास झालं की."

आक्काबाई हौदाकडं वळून बघायला लागली.

"म्या रान सोडलं तवा सही करताना आबाला म्हटलं, मला मातीचं कायबी नगं. माज्या सासरची मेंढरं कोकणातनं फिरताना हितनं जात्यात, त्यास्नी पाणी दे. त्यो म्हणला, दोन्ही पोरांचं भागून उरंल ती समदं तुजं." तिने पदरानं तोंड पुसलं. "लई उरायचं. मला वाटायचं, विहीर चांगली हाय. आता कळतंय, तासच लहान हुता."

"म्हंजी आबांना ठावं हुतं?" विशालने विचारलं.

"ते मला ठावं न्हाय. आबाला आकडं येत न्हवतं. पर उरलेलं पाणी कुठं जातंय ती त्याला दिसत हुतं, आन् त्यानं कवा इचारलं न्हाय का उरतंय."

  बापूसाहेबांनी डोळे मिटले. आबांनी कमी दिलं, हा विचार त्यांना मघापासून टोचत होता. कमी देऊन ते कुठं दिलं, हे आता कळलं तशी त्यांची छाती थोडी मोकळी झाली, आणि मुलाचा थोडा रागही आला.

"आन् तुजं ते फोनवरचं यंत्र," आक्काबाई पुढं म्हणाली, "आरं मेंढक्याचा नातू तू. उंटावरनं शेळ्या हाकायला निगालास व्हय?"

"आत्या, जग कुठं चाललंय बघ! कोण बसतंय आता असं खडं मांडत?"

"मी बसते," वैष्णवी म्हणाली.

"रोज?"

"रोज. तुमची पाळी बी मी बघते. तुमी जावा भिगवणला, इंदापूरला, कुठं जायाचं तितं. लाईट गेली की मी दाबीन, आली की मी दाबीन. तुमचा एक मिनिट मी खाल्ला तर माज्या मांडवावर नांगर फिरवा."

"बोलायला काय जातंय."

"किती झालं बघ की आधी," बापूसाहेब मधे पडले. "फेरा हुदे पुरा. मग ठरवू."

सगळे पुन्हा क्रेटकडं वाकले. देवळीत रविराजचा एक खडा पडलेला होता, हा त्याचा दुसरा फेरा. लहान काटा तीसच्या अलीकडं होता आणि मोबाईलवरचे आकडेही तेच सांगत होते. रविराज बरोबर होता, यावर आता कुणाला शंका घ्यायला जागा राहिली नव्हती. त्याने मांडी बदलली आणि समाधानाने सगळ्यांकडं पाहिलं. आणखी थोडं, आणि घड्याळ मोबाईलच्या आधी फेरा संपवणार. मग खोलीतल्या खिळ्यावरनं ते कायमचं खाली.

तेवढ्यात मोटारीचा आवाज उतरला. घरघर बारीक झाली, पाईपातलं पाणी गळ्याशी गुरगुरलं आणि खोली गप्प झाली.

लाईट गेली.

कुणी विचार करायच्या आत एक हात पुढं आला आणि घड्याळाचं वरचं बटण दाबलं. बारीक काटा उभा राहिला.

हात रविराजचा होता.

त्याचा अंगठा अजून बटणावरच होता. मोबाईलमधले आकडे शेजारी आपले पळत होते. आधी मोनाला कळलं, तिने पदर तोंडाला लावला. मग विशालला. मग रविराजलाच.

"आरं, मी..." तो म्हणाला. "सवय हाय. चुकून झालं."

"चुकून न्हाय," बापूसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "पाळी तुजी हुती. पाणी तुजं थांबलं. तुज्या हाताला खरं कळतंय, तुलाच कळंना."

---

लाईट लवकर आली नाही. मोनाने भाकरी इथंच आणल्या. जेवणं झाली तरी मोटार गप्पच. रविराजने वायरमनला दोनदा फोन लावला. फ्यूज गेलाय, माणूस निघालाय. तो माणूस गेली वीस वर्षं निघालेलाच असतो.

बारा वाजून गेले, तसे बापूसाहेब उठून बसले.

"रविराज, तुजं यंत्र आज लावलं आस्तं तर?"

"तर काय?"

"तर तुजी पाळी संपली. आता विशालची. तुजं अडीच खडं गेलं, नशीब तुजं. बरुबर?"

रविराज देवळीतल्या एकट्या खड्याकडं बघायला लागला.

"तुला नवा नियम पायजेल हुता ना? मंग आजपास्नंच. दुसऱ्याला लावायच्या आधी सोताला लावून बघ." त्यांनी वैष्णवीकडं पाहिलं. "पोरी, व्हॉल्व्ह फिरव तुज्याकडं. लाईट आली की पाणी तुजं."

विशाल झटकन उठला. त्याचा चेहरा उजळला होता. "चल, मी फिरवतो."

"थांबा," वैष्णवी म्हणाली.

"आता काय?"

"फिरवू नगा."

"आगं तात्या सोता म्हणत्यात! मांडव वाळतोय म्हणून सकाळधरनं भांडतियास, आन् आता पाणी चालत आलंय तर—"

तिने मांडवाकडं पाहिलं. दुपारच्या उन्हात वेलाची पानं खाली झुकली होती.  घ्यावं असं तिला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. दादाला एकदा झळ लागली असती तर काय बिघडलं असतं? आणि शिवाय थोरल्यांनीच दिलेलं.

"तात्या, तुमी दिलंत, तुमचं मन मोठं हाय," ती म्हणाली. "पर मी आज ह्ये पाणी घेतलं तर ती दादाच्या नियमानं घेतलं. मग उद्या मला काटा मागायला तोंड न्हाय. काटा उभा हाय. त्यांची पाळी अर्धी हाय. ती आधी पुरी हुईल."

"तवर लाईट संपंल," विशाल म्हणाला. "आपली पाळी आज यायचीच न्हाय."

"उद्या सकाळी यील. थोरल्याच्या आधी. हाय ना तात्या तशी रीत, उरलेली पाळी आधी?"

बापूसाहेबांनी मान डोलावली. 

आक्काबाईने उठून घड्याळ क्रेटवरनं उचललं. तिने ते भावाला दिलं नाही, भाच्याला दिलं नाही. वैष्णवीच्या ओंजळीत ठेवलं. "किल्ली दियाला इसरू नगंस," एवढंच म्हणाली.

मोबाईलमधले आकडे अजून पळत होते. मोनाने तो उचलला आणि बंद करून नवऱ्याच्या खिशात टाकला.

ऊन कलायला लागलं तेव्हा खोलीत खट्ट झालं. ऑटो स्टार्टरने मोटार उचलली, पाईप थरथरले आणि पाणी रविराजच्या बाजूला धावलं. वैष्णवीने बटण दाबलं. काटा तीसच्या अलीकडून, जिथं उभा होता तिथूनच निघाला.

फेरा पुरा झाला तसा तिने देवळीत दुसरा खडा ठेवला. सगळे आपापल्या कामाला पांगले होते. विशाल मांडवात गेला होता, कुणी न सांगता, बादलीने वेलांच्या बुडाला पाणी घालत होता. सावली लांब झाली तसा रविराज शेडनेटमधून आला. त्याने घड्याळाकडं पाहिलं, वैष्णवीकडं पाहिलं, मग कोमेजलेल्या मांडवाकडं. तो व्हॉल्व्हपाशी गेला आणि चाक तिच्या बाजूला फिरवायला वाकला.

"दादा," तिने हाक मारली. "तुमचा अजून दीड खडा बाकी हाय. चाक सोडा."

"आसूदे गं. घे तू. मी दितोय."

"तुमी दिलेलं नगं. माजं मला उद्या मिळणार हाय. बसा खाली."

 रविराज चाक सोडून सावलीत आला आणि तिच्यापासून थोडं अंतर ठेवून खाली बसला.